निघाले तो दिवस, पावले तो दिवस

आमच्या आजोबांना पत्र आले की ते आधी मजकूर वाचत नसत. पोस्टकार्ड उजेडाकडे धरून ते दोन शिक्के शोधत. एक जिथून कार्ड निघाले त्या गावचा, दुसरा आर्वी तालुक्यातल्या आमच्या टपालघराचा. दोन्ही तारखा लागल्या की बोटांवर दिवस मोजायचे आणि मगच मजकुराकडे वळायचे. मामा बरे आहेत असे कार्डात लिहिलेले असले तरी ते म्हणत, "बरा होता म्हना, मंगयवारी." मृत्यूची खबर सांगणारे कोपरा फाडलेले कार्ड आले तर मात्र शिक्के बघायची गरज नसे. ते घरात येतच नसे. ओसरीवर वाचून तिथेच फाडले जाई.

पुढे कॉलेजात असताना पेशवेकाळातल्या पत्रांचे छापील खंड हाती आले. त्यांत पत्रांच्या खाली बारीक टाइपात एक नोंद दिसे : पैवस्ती अमुक चंद्र, अमुक महिना. पत्र ज्याच्या नावे लिहिले त्याच्या दप्तरात ते पावले तो दिवस. कारकून पाठीवर ही नोंद करून मगच पत्र पुढे ठेवी. वाचताना एकदम आजोबांचे बोट आठवले. आणखी काही वर्षांनी इंग्लंडच्या सतराव्या शतकातल्या बातमीपत्रांचा नाद लागला, तेव्हा या दोघांच्या पंक्तीला बसणारा तिसरा माणूस भेटला. जॉर्ज थॉमसन हा लंडनचा पुस्तकविक्रेता. १६४० पासून १६६१ पर्यंत राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी चालू असताना, राजाचा शिरच्छेद होत असताना आणि पुन्हा राजेशाही येत असताना हा माणूस लंडनात छापले जाणारे कागद न थकता विकत घेत होता. सुमारे २२,००० कागद त्याने जमवले. दोन्ही पक्षांचे, चोरून छापलेले, चार पानी, आठ पानी. त्यांतल्या बहुतेकांच्या पहिल्या पानावर त्याने हाताने तारीख घातली आहे, कागद हाती आला त्या दिवसाची. आज हा संग्रह ब्रिटिश लायब्ररीत आहे. छापील तारीख आणि थॉमसनच्या हातची तारीख यांत कधी दोन दिवसांचे, कधी पाचसहा दिवसांचे अंतर असते, आणि माझ्यासारख्याचे निम्मे काम त्या अंतरात दडलेले असते.

हे पुस्तक त्या अंतराबद्दल आहे. साधारण १५८० ते १७०० या काळात इंग्लंडात बातमी कशी गोळा होत होती, कोणत्या वाटेने येत होती, वाटेत कोण ती उघडून वाचत होता आणि तिच्यातले किती छापखान्यापर्यंत पोहोचत होते, याचा हा शोध आहे. त्याला जोडूनच मराठी दप्तरांतल्या बातमीपत्रांचा विचार केला आहे, कारण मला दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय एकही नीट कळले नाही.

वर्ध्यात बसून हे कशाला, असे अनेकांनी आपुलकीने विचारले. त्याचे एक उत्तर शब्दातच आहे. आज बातमीदार म्हटला की वर्तमानपत्राचा माणूस डोळ्यांपुढे येतो. शिवकाळात आणि पेशवाईत बातमीदार म्हणजे शत्रूच्या मुलखात फिरून खबर आणणारा. हेर, जासूद, नजरबाज, हरकारा ही त्याचीच भावंडे. एकच शब्द आधी छावणीत राबला आणि मग छापखान्यात आला. इंग्रजीतही तसेच झाले. 'इंटेलिजन्स' म्हणजे गुप्त माहिती हा अर्थ आज ठसला आहे; सतराव्या शतकात त्याचा साधा अर्थ बातमी असाही होता. १६६३ साली रॉजर लेस्ट्रेंज या सरकारी छापखाना-नियंत्रकाने साप्ताहिक काढले त्याचे नावच 'इंटेलिजन्सर'. छापण्यावर पाळत ठेवणारा आणि बातमी छापणारा हा एकच गृहस्थ होता. दोन दूरच्या भाषांत एका शब्दाच्या पोटात हेर आणि पत्रकार दोघेही नांदतात, तेव्हा त्यामागे व्यवहारातले काहीतरी खरे असले पाहिजे असे मला वाटले. शोध तिथून सुरू झाला.

इंग्लंडची गोष्ट मी बिअरच्या पिंपापासून सुरू केली आहे. स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी ही इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिच्या कैदेत होती. १५८६ साली तिला चार्टली येथील वाड्यात ठेवले होते. तिथे बर्टनहून बिअर येई. पिंपाच्या बुचात ओल न लागणाऱ्या पाकिटात पत्रे घालून ती आत-बाहेर पाठवता येतील, असे गिल्बर्ट गिफर्ड नावाच्या माणसाने मेरीच्या लोकांना पटवले. ही वाट मुळात एलिझाबेथचा सचिव फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम याच्याच माणसांनी बांधलेली होती. पिंपातून निघालेले प्रत्येक पत्र आधी थॉमस फेलिप्स या सांकेतिक लिपी फोडणाऱ्याच्या मेजावर जाई. त्याची नक्कल होई, मोहोर पुन्हा जशीच्या तशी बसवली जाई आणि पत्र पुढे रवाना होई. जुलै १५८६ मध्ये मेरीने बॅबिंग्टन या कटवाल्या तरुणाला दिलेले उत्तर फेलिप्सने फोडले, आणि वॉल्सिंगहॅमला पाठवलेल्या नकलेवर त्याने फाशीच्या खांबाचे चित्र काढले. मूळ पत्राला त्याने खालून दोन ओळींची पुरवणीही जोडली, मेरीच्याच संकेतलिपीत. एलिझाबेथला ठार मारायला निघालेल्या सहा गृहस्थांची नावे कळवा, अशी. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी मेरीचा शिरच्छेद झाला.

ही कथा रहस्यकथेसारखी सांगता येते आणि अनेकांनी तशी सांगितली आहे. मला तिच्यात मोलाचे वाटते ते वेगळेच. वॉल्सिंगहॅमने पत्रे अडवली नाहीत. अडवली असती तर वाट तिथेच बंद पडली असती. त्याने पत्रे चालू दिली, फक्त दोन तारखांच्या मध्ये आपली एक रात्र घुसवली. पुढच्या शंभर वर्षांत इंग्लंडच्या राज्यकर्त्यांनी टपालाशी हेच केले. राजाच्या शिरच्छेदानंतर सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलचा सचिव जॉन थर्लो याच्याकडे १६५५ पासून टपालखातेही आले. त्याच्या काळात आयझॅक डॉरिस्लॉस हा अधिकारी टपालाच्या रात्री साधारण अकराला टपालकचेरीलगतच्या खोलीत शिरे आणि पहाटे तीन-चारपर्यंत परदेशी पत्रे उघडून वाचत बसे. संकेतलिपीतली पत्रे ऑक्सफर्डला जॉन वॉलिस या गणितज्ञाकडे जात. अनंतासाठी आपण आज जे आडवे आठाचे चिन्ह लिहितो ते रूढ करणारा हाच वॉलिस.

थर्लोचीच दुसरी बाजू म्हणजे 'मर्क्युरिअस पॉलिटिकस' हे साप्ताहिक. त्याचा संपादक मार्चमाँट नीडहॅम. हा माणूस आधी पार्लमेंटच्या बाजूने लिहीत होता, मग राजाच्या बाजूने, मग पुन्हा प्रजासत्ताकाच्या बाजूने. त्याच्या पक्षांतराबद्दल इतिहासकारांनी पुष्कळ नाक मुरडले आहे. मला नीडहॅम हा त्या काळातला सर्वांत वाचनीय गद्यलेखक वाटतो, आणि त्याच्या परदेशी बातम्या इतरांपेक्षा सरस का याचे कारण त्याच्या शैलीत शोधण्यात अर्थ नाही. थर्लोच्या परदेशातल्या माणसांची पत्रे कचेरीत येत. कामाचा भाग तिथे राही आणि उरलेले नीडहॅमकडे जाई. वाचकाच्या हातात पडणारी बातमी म्हणजे राज्यकर्त्याच्या ताटातून उतरलेले अन्न होते. थर्लोचे कागद त्याच्या मृत्यूनंतर लिंकन्स इन इथल्या खोल्यांच्या खोट्या छतात लपवलेले सापडले आणि १७४२ साली सात जाड खंडांत छापले गेले. म्हणून ही दोन ताटे आपल्याला आज शेजारी शेजारी मांडून पाहता येतात.

राजेशाही परतल्यावर माणसे बदलली, पद्धत तीच राहिली. जोसेफ विल्यमसन हा सचिवाच्या कचेरीतला अधिकारी गावोगावच्या टपालवाल्यांकडून, बंदरावरच्या कस्टम अधिकाऱ्यांकडून आणि वकिलातींतून पत्रे मागवी. त्यांना पैशाऐवजी तो लंडनची हस्तलिखित बातमीपत्रे पाठवी. हेन्री मुडिमन नावाचा पत्रकार अशीच हाताने लिहिलेली बातमीपत्रे वर्षाला पाच पौंड घेऊन विकत असे. छापील कागदात पार्लमेंटचे कामकाज येऊ शकत नव्हते, हस्तलिखितात येई. म्हणून त्या काळात छापील पत्र स्वस्त आणि फिके, आणि हाताने लिहिलेले महाग आणि खरे. छपाई आली की बातमी मोकळी झाली, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तसे झाले नाही. लंडनात प्लेग होता म्हणून राजदरबार ऑक्सफर्डला गेला होता. तिथे नोव्हेंबर १६६५ मध्ये 'ऑक्सफर्ड गॅझेट' निघाले, चोविसाव्या अंकापासून ते 'लंडन गॅझेट' झाले आणि आजतागायत चालू आहे. विल्यमसनच्या मेजावर येणाऱ्या पत्रांच्या मानाने या गॅझेटात फारच थोडे असे.

याच गॅझेटात १६७२ च्या फेब्रुवारीत सुरतेहून आलेली एक बातमी छापून आली. मोगलांना वारंवार हरवणाऱ्या 'सेवाजी' नावाच्या बंडखोराने तो मुलूख जवळजवळ आपल्या हाती घेतला आहे, अशा आशयाची. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली होती. म्हणजे लंडनच्या कॉफीगृहात बसून कुणी ही ओळ वाचली तेव्हा त्या लुटीला सोळा महिने होऊन गेले होते, आणि तोवर साल्हेरही महाराजांकडे आले होते. त्या वाचकाला बंडखोर दिसला. त्याला दिसत होता तो माणूस सव्वा वर्षापूर्वीचा होता.

सुरतेच्या पहिल्या लुटीबद्दल, जानेवारी १६६४ च्या, आणखी एक इंग्रजी कागद आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेच्या वखारीतला धर्मगुरू जॉन लेस्कॅलिओट याने इंग्लंडातल्या नॉर्विच येथील विद्वान वैद्य सर थॉमस ब्राऊन यांना लिहिलेले पत्र. त्यात महाराजांच्या रूपाचे वर्णन येते आणि ते आपल्याकडे वारंवार उद्धृत होते. पण धर्मगुरूने ते स्वतः पाहून लिहिलेले नाही. ज्यांनी पाहिले त्यांच्या सांगण्यावरून लिहिले आहे, आणि तो ते प्रामाणिकपणे नोंदवतो. वापरणारे हा प्रामाणिकपणा गाळतात. इंग्रज म्हणतात म्हणून खरे आणि इंग्रज म्हणतात म्हणून खोटे, हे दोन्ही आळस आपल्याकडे फार आहेत. त्या पत्राला विचारायचे ते इतकेच : तू कुणाकडून ऐकलेस, कुणासाठी लिहिलेस आणि किती दिवसांनी पोहोचलास.

आता आपल्या बाजूला. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत मंत्री म्हणजेच वाकनीस होता. राज्याभिषेकाच्या वेळी ते पद दत्ताजी त्रिंबक यांच्याकडे होते. रोजची वाके, म्हणजे घडलेल्या गोष्टी, लिहून ठेवणे आणि खबर सांभाळणे हे त्याचे काम. बहिर्जी नाईक सर्वांना ठाऊक आहेत. सभासद बखरीत ते 'जासूद' म्हणून येतात आणि सुरतेच्या संपत्तीची खबर आणतात. पण लोकांच्या मनातला वेषांतर करणारा हेर जितका रंगला, तितकाच लिहिणारा बातमीदार विसरला गेला. मोगल दरबारात वाकेनवीस, सवानेहनिगार, खुफियानवीस अशी एकमेकांवर नजर ठेवणारी साखळी होती आणि दरबाराचे रोजचे अखबार निघत. पेशव्यांच्या काळात दिल्लीला हिंगणे, हैदराबादेला गोविंदराव काळे असे वकील बसले होते आणि त्यांची पत्रे म्हणजे अखंड बातमीपत्रेच आहेत. पत्र जाई ते जोडीने. दोन कासीद किंवा दोन जासूद, ठरलेल्या दिवसांत पोहोचण्याचा अजुरा, म्हणजे मेहनताना, ठरवून. 'अजुरदार जोडी' हा शब्द या पत्रांत पदोपदी येतो. इंग्लंडात ट्यूडर काळात लखोट्यावर 'धाव, जिवाच्या आकांताने धाव' अशा अर्थाचे शब्द लिहीत आणि दर टप्प्यावर पोहोचल्याची वेळ मांडत; कुणी कुठे उशीर केला ते शेवटी कळे. आपल्या अजुऱ्याच्या ठरावात आणि त्यांच्या त्या टप्प्यांच्या वेळांत एकच काळजी आहे.

मराठी पत्रलेखक बातमीची प्रतही सांगत. बाजारात उठली ती आवई किंवा भुमका, अमुक सावकाराच्या पत्रातून कळले ते वेगळे, आणि आपल्या माणसाने डोळ्यांनी पाहून सांगितले ते पक्के. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ २४ जानेवारी १७६१ रोजी कळली, युद्धानंतर दहा दिवसांनी, आणि ती वकिलाकडून आली नाही. सावकारी पत्रातून आली, मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबाच्या भाषेत. आपण ते पत्र शाळेत करुण कथा म्हणून वाचतो. पण सावकाराला ती सांकेतिक भाषा त्या दिवशी सुचलेली नव्हती. हुंडीच्या व्यवहाराला बातमीची गरज रोज असते, आणि राज्याच्या जोड्या अडल्या तेव्हा व्यापाराची वाट चालू होती. युरोपातही ऑग्सबर्गच्या फुगर सावकारांकडे गावोगावहून बातमीपत्रे येत; ती आज व्हिएन्नात जपलेली आहेत. बातमीचा इतिहास राजांच्या आणि छापखान्यांच्या इतिहासात जितका आहे तितकाच पेढीच्या वह्यांत आहे, आणि मराठीत त्या बाजूने काम फारच थोडे झाले आहे. कुणी तरुण अभ्यासक हे वाचत असेल तर त्याने अमरावती, हिंगणघाट, कारंजा इथल्या जुन्या पेढ्यांकडे जावे अशी माझी मनापासूनची विनंती आहे. वाळवी आणि वाटण्या दोन्ही वेगाने काम करत आहेत.

नागपूरच्या भोसल्यांच्या दरबारातून पुण्याला नाना फडणविसांकडे जाणारी पत्रे मेणवलीच्या दप्तरात राहिली. त्र्यं. शं. शेजवलकरांनी त्यांतली निवडक 'नागपूर अफेअर्स' या नावाने १९५४ साली डेक्कन कॉलेजमार्फत छापायला सुरुवात केली. ती वाचताना माझ्या हाताशी नकाशा असे. नागपूरहून पुण्याकडे वऱ्हाडातून जाणारी जोडी कुठूनही गेली तरी वर्धा नदी उतरल्याशिवाय तिची सुटका नव्हती. पावसाळ्यात पूर आला की जोडी काठावर बसून राही. पुलगावच्या पुलावरून रेल्वेने जाताना मला अजून खालच्या पात्राकडे बघितल्याशिवाय राहवत नाही.

या पत्रांत 'वर्धा' शोधणाऱ्याला एक सूचना इथेच देतो. त्यांत वर्धा म्हणजे फक्त नदी. आजचे शहर तेव्हा नव्हते. नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा झाला तो १८६२ साली. मुख्य ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते, आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवले गेले. इंग्रजी कागदांत नदीचे नाव 'वुर्दा' असे लिहिलेले सापडते. 'सेवाजी' काय आणि 'वुर्दा' काय, संगणकावर आजच्या हिज्ज्यांनी शोधणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही आणि मग कागदच नाहीत असा त्याचा समज होतो.

१८०३ साली ही नदी एकाएकी सरहद्द झाली. कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली याने २३ सप्टेंबरला असईला, २९ नोव्हेंबरला अडगावला आणि १५ डिसेंबरला गाविलगडावर विजय मिळवला, आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून गेला आणि पुढे निजामाकडे आला. आर्वी, देवळी, हिंगणघाट पूर्वेला म्हणून भोसल्यांकडे राहिले. या मोहिमेत वेलस्लीजवळ तरुण माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. वेलस्लीने बातमीची तीन स्वतंत्र खाती ठेवली होती. एकाच्या हरकाऱ्यांना दुसऱ्याच्या हरकाऱ्यांची ओळख नसे, आणि तिन्ही खाती थेट त्याच्याकडे येत. त्यांतल्या एकाचा प्रमुख एल्फिन्स्टन होता. तरीही असईच्या आधी शत्रूची छावणी नेमकी कुठे आहे याबद्दल हरकाऱ्यांची खबर चुकली आणि वेलस्ली अपेक्षेपेक्षा कितीतरी आधी मराठी सैन्यासमोर जाऊन ठेपला. तहानंतर एल्फिन्स्टन नागपूरला रेसिडेंट म्हणून आला, १८०८ पर्यंत राहिला, आणि त्याच्या मागून रिचर्ड जेंकिन्स आला तो १८२७ पर्यंत.

नागपूरच्या रेसिडेन्सीतून कलकत्त्याला जाणाऱ्या अहवालांत आणि विल्यमसनच्या मेजावर येणाऱ्या पत्रांत मला सख्खे नाते दिसते, पण एक मोठा फरकही दिसतो. इंग्लंडात या पत्रांचा उरलासुरला भाग छापखान्याकडे वळत होता, वाईट छापला जात होता, तरी वळत होता. नागपुरात आणि पुण्यात तो कुणाकडेच वळला नाही. लिहिणारे होते, वाटा होत्या, प्रतवारी होती, सांकेतिक भाषा होती. अखबार शेवटी दप्तराच्या रुमालात बांधला गेला. मराठीत छापील पत्र म्हणून 'दर्पण' आले ते ६ जानेवारी १८३२ ला, मुंबईत, राज्य गेल्यानंतर. आपल्याकडे बातमी नव्हती असे म्हणणाऱ्यांशी मी या पुस्तकात ठिकठिकाणी भांडलो आहे. बातमी होती. तिला गिऱ्हाईक एकच होते.

तारखांबद्दल मात्र वाचकाला थोडा त्रास होणार आहे, त्याची आधीच कल्पना दिलेली बरी. आपले वर्ष जसे चैत्र पाडव्याला उजाडते, तसे इंग्लंडात १७५२ पर्यंत सरकारी वर्ष २५ मार्चला उजाडत असे. गॅझेटचा जो अंक मी वर १६७२ च्या फेब्रुवारीतला म्हटला, त्या महिन्याला तिथले लोक १६७१ चाच फेब्रुवारी म्हणत. शिवाय इंग्लंडची तारीख त्या शतकात हॉलंडच्या तारखेपेक्षा दहा दिवस मागे होती. ॲम्स्टरडॅमहून १२ डिसेंबरला निघालेले पत्र लंडनला ६ डिसेंबरला पोहोचू शके, म्हणजे कागदावर पाहिले तर लिहिण्याच्या आधीच. मराठी पत्रांत तारीख चांद्र मुसलमानी महिन्याची, 'छ' म्हणजे चंद्र असे लिहून. आणि वर्ष सुहूर सनाचे, ते मृगाच्या सुमारास बदलणारे आणि अरबी शब्दांत लिहिलेले. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे ११७१, इसवी सन १७७० च्या पावसाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. नवशिक्याने एकेक तारीख सोडवायला एकेक संध्याकाळ घालवली तर ती वाया गेली असे समजू नये. मी मोडी आणि इंग्रजांची सेक्रेटरी वळणाची लिपी एकाच उन्हाळ्यात शिकायला बसलो होतो. दोन्ही झरझर लिहिणाऱ्या कारकुनांच्या लिप्या, दोन्हींत हात उचलायचा नाही ही खूणगाठ. एकीचा सराव दुसरीला उपयोगी पडला असे मला खरोखर वाटते.

छापील इंग्रजी बातमीपत्राचा जन्म इंग्लंडात झाला नाही, ही गोष्ट मी मुद्दाम शेवटाकडे राखून ठेवली. आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने इंग्रजी 'कोरांटो', म्हणजे छापील बातमीपत्र, २ डिसेंबर १६२० चे आहे आणि ते ॲम्स्टरडॅमला पीटर व्हान डेन किअर या नकाशे कोरणाऱ्याने छापलेले आहे. बोहेमियातल्या युद्धाची बातमी इंग्रजांना हवी होती, कारण त्यांच्या राजाची मुलगी तिथली राणी होती. आणि राजा पहिला जेम्स याला तिच्याबद्दल रस्त्यात चर्चा नको होती. त्याच महिन्यात त्याने राज्यकारभाराबद्दल बोलण्यावर जाहीरनामा काढला. म्हणून इंग्रजी बातमी परक्या मुलखात इंग्रजीत छापली गेली आणि समुद्र ओलांडून घरी आली. पुढच्या वर्षी लंडनात कोरांटो छापण्याबद्दल थॉमस आर्चर तुरुंगात गेला. मग नॅथॅनिएल बटर आणि निकोलस बोर्न परवान्याने छापू लागले. १६३२ ला बंदी, १६३८ ला परवानगी. देशातल्या घडामोडी छापणारे पहिले साप्ताहिक नोव्हेंबर १६४१ मध्ये निघाले ते राजाचे स्टार चेंबर न्यायालय मोडल्यावर.

या ॲम्स्टरडॅमच्या कागदापासून बरोबर तीनशे वर्षांनी, १९२० साली, वर्ध्यातून 'राजस्थान केसरी' नावाचे हिंदी साप्ताहिक निघाले. संपादक विजयसिंह पथिक, पाठीशी जमनालाल बजाज. मेवाडातल्या बिजोलियाच्या शेतकऱ्यांवर जहागिरीच्या लागबागींचा, म्हणजे नाना करांचा, बोजा होता, त्यांचे आंदोलन चालू होते, आणि राजपुतान्यातल्या संस्थानांत त्याबद्दल मोकळेपणाने छापणे शक्य नव्हते. म्हणून ती बातमी वर्ध्याला आली, इथे खिळ्यांत बसली आणि पुन्हा राजपुतान्याकडे निघाली. हे साप्ताहिक इथून फार काळ निघाले नाही. पथिकांचे काम लवकरच अजमेरला गेले. वर्ध्याला गांधीजींचे गाव म्हणून जग ओळखते आणि ते योग्यच आहे. पण गांधीजी इथे राहायला येण्याच्या कितीतरी आधी हे गाव काही काळ कुणाचे तरी ॲम्स्टरडॅम झाले होते. हे इथल्या शाळेतल्या मुलांनाही माहीत असावे असे मला फार वाटते. वर्ध्यात बसून हे कशाला, या प्रश्नाचे दुसरे उत्तर हेच.

पुस्तकाच्या रचनेबद्दल दोन शब्द. प्रकरणे कालक्रमाने नाहीत, वाटांप्रमाणे आहेत. पिंपाची वाट, टपालाच्या रात्रीची वाट, जहाजाची, जोडीची, सावकाराची, आणि परक्या छापखान्याची. वॉल्सिंगहॅमवर इंग्रजीत इतके लिहिले गेले आहे की त्याला मी थोडक्यात आवरले आहे. विल्यमसन आणि मराठी वकिलांना जास्त जागा दिली आहे. इंग्रजी आणि मोडी कागदांतला मजकूर शक्य तिथे त्यांच्याच शब्दक्रमात मराठीत आणला आहे, गुळगुळीत केलेला नाही. लिहिणाऱ्याची घाई दिसू दिली आहे.

आणि प्रत्येक पत्राच्या डोक्यावर दोन तारखा छापल्या आहेत. डावीकडे निघाल्याची, उजवीकडे पावल्याची. ॲम्स्टरडॅमच्या त्या पहिल्या कागदाचे पहिलेच वाक्य इटलीकडची नवी बातमी अजून आलेली नाही असे सांगते, आणि छापणाऱ्याने ते न लाजता सर्वांत वर ठेवले आहे. त्याच धीटाईने, ज्या पत्राची पैवस्ती कुठेच नोंदलेली नाही, त्याच्या उजवीकडची जागा मी मोकळी सोडली आहे.

वर्धा
चैत्र शुद्ध प्रतिपदा